‘थकवा’ या शब्दाची मर्यादा : स्तनकर्करोगाच्या प्रश्नावलीची भाषिक चिकित्सा

१

रुग्णाची पीडा वैद्यापर्यंत पोहोचते ती बव्हंशी शब्दांतून. ताप मोजावयास तापमापक आहे, रक्तातील हिमोग्लोबिन मोजावयास प्रयोगशाळा आहे. परंतु थकवा मोजावयाचे यंत्र अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही. तेथे रुग्ण सांगेल तेच माप. हे माप ज्या शब्दांनी घ्यावयाचे ते शब्दच जर सैल असतील, तर पुढील सारे गणित कितीही काटेकोर असले तरी व्यर्थ होय. स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेत असलेल्या स्त्रियांच्या थकव्याचा विचार हा यास्तव केवळ वैद्यकाचा विषय राहत नाही. तो अर्थविचाराचाही विषय ठरतो.

प्रश्न लहान नाही. स्तनाचा कर्करोग हा आज भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात त्याचे सुमारे १,९२,००० नवे रुग्ण झाले. शस्त्रक्रिया, केमोथेरपी व किरणोपचार या तिन्ही उपचारांत थकवा ही सर्वांत सार्वत्रिक तक्रारींपैकी एक असते. केमोच्या प्रत्येक मात्रेनंतर पहिले काही दिवस तो शिगेस पोहोचतो व पुढील मात्रेपर्यंत काहीसा ओसरतो. किरणोपचारांत तो आठवड्यागणिक साचत जातो. आणि कित्येक स्त्रियांच्या बाबतीत उपचार संपल्यावरही महिनोन्‌महिने रेंगाळतो.

या थकव्याची व्याख्या अमेरिकेतील नॅशनल कॉम्प्रिहेन्सिव्ह कॅन्सर नेटवर्क या संस्थेने केली आहे. तिचा आशय असा : हा थकवा त्रासदायक व चिवट असतो; तो शरीराचा, भावनेचा अथवा बुद्धीचा असू शकतो; नुकत्याच केलेल्या श्रमांच्या तो प्रमाणात नसतो; आणि नेहमीच्या व्यवहारात तो अडथळा आणतो. या व्याख्येतील ‘श्रमांच्या प्रमाणात नसतो’ हे पद भाषाभ्यासकाने अधोरेखित करून ठेवावे. कारण मराठीत खरी अडचण येथेच उद्भवते.

२

कर्करुग्णांच्या जीवनमानाचे मापन करण्यासाठी जगभर जी साधने वापरली जातात, त्यांत कर्करोगाच्या संशोधन व उपचारासाठी स्थापन झालेल्या युरोपीय संघटनेची ३० प्रश्नांची प्रश्नावली प्रमुख आहे. ‘क्यूएलक्यू-सी ३०’ या नावाने ती ओळखली जाते व १९९३ साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यात थकव्यासाठी तीन प्रश्न आहेत. १० वा प्रश्न विश्रांतीची गरज पडली का, असे विचारतो. १२ वा अशक्तपणा जाणवला का, असे विचारतो. आणि १८ वा थकल्यासारखे झाले का, असे विचारतो. कालावधी गेल्या आठवड्याचा. उत्तरे चार : मुळीच नाही, थोडे, बरेच, खूप. त्यांना १ ते ४ गुण देऊन तिन्हींची सरासरी काढली जाते व ती ० ते १०० या मापावर बसविली जाते.

ही प्रश्नावली मराठीत आलेली आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील परमार, बडवे व त्यांचे सहकारी यांनी शस्त्रक्रियायोग्य स्तनकर्करोग असलेल्या भारतीय स्त्रियांमध्ये तिची प्रमाणता तपासून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तपासणीत हिंदी व मराठी या दोन भाषांचा समावेश होता. हे कार्य मोलाचे आहे यात शंका नाही. ज्या देशात रुग्ण स्त्रीस ‘कसे वाटते’ हे विचारण्याचीच प्रथा नव्हती, तेथे तिला तिच्या भाषेत विचारण्याचा तो पद्धतशीर यत्न होता. भाषांतराची युरोपीय संघटनेने घालून दिलेली रीतही काळजीपूर्वक आहे : दोन स्वतंत्र भाषांतरे, त्यांचा मेळ, मग मूळ भाषेत उलट भाषांतर, आणि शेवटी काही रुग्णांवर चाचणी.

प्रस्तुत चिकित्सेचा रोख कोणा भाषांतरकाराच्या शब्दनिवडीवर नाही. तो या संपूर्ण रीतीच्या एका गृहीतावर आहे. उलट भाषांतराने शब्दाचा वाच्यार्थ पडताळला जातो. पण शब्दाच्या पोटात दडलेले गृहीत पडताळले जात नाही. ‘थकवा’ हा शब्द इंग्रजीत परत नेला असता निर्वेध परततो. मराठी बोलणाऱ्या स्त्रीच्या मनात तो जे पूर्वग्रह जागे करतो ते मात्र त्या परतीच्या प्रवासात मागेच राहतात. संख्याशास्त्रीय प्रमाणताही येथे पुरी पडत नाही. तिन्ही प्रश्नांची उत्तरे परस्परांशी जुळतात, एवढेच ती सांगते. ती तिन्ही एकाच दिशेने चुकत नाहीत, याची ग्वाही ती देऊ शकत नाही.

३

चिकित्सेसाठी एखादे नेमके भाषिक स्थळ डोळ्यांपुढे असणे इष्ट असते. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगाव हे असे स्थळ मानता येईल. मराठवाड्यातील हे गाव कापूस, ऊस, तूर व सोयाबीन यांच्या शेतीचे. येथील स्त्रीस कर्करोगाच्या उपचारासाठी जालना, छत्रपती संभाजीनगर अथवा मुंबई गाठावी लागते. आणि रुग्णालयात तिच्यापुढे येते ती प्रमाण मराठी. तिची स्वतःची भाषा मात्र खुरपणीची, वेचणीची, हंड्या-घागरींची असते. या दोन मराठींमध्ये थकव्याचे शब्द कसे विभागले आहेत, ते पाहावे.

‘थकणे’ हे क्रियापद प्राकृतातील ‘थक्क’ या रूपाशी संबद्ध असून त्याचा मूळ अर्थ ‘थांबणे’ असा आहे. ‘थक्क होणे’ या प्रयोगात तो थांबण्याचा अर्थ शिल्लक आहे. ‘हप्ते थकले’, ‘थकबाकी’ यांतही आहे. माणसाविषयी वापरले असता ‘थकणे’ दोन गोष्टी सुचविते. एक, श्रम करून थांबणे. दुसरी, वयाने खचणे. ‘आजी आता थकल्या’ या वाक्यात श्रमाचा संबंध नसून वार्धक्याचा आहे. म्हणजे पंचेचाळीस वर्षांच्या रुग्ण स्त्रीस ‘तुम्ही थकलात का’ असे विचारले, तर तिला दोन अर्थ उपलब्ध होतात, आणि विचारणाऱ्यास अभिप्रेत असलेला अर्थ त्या दोहोंत नसतो.

‘दमणे’ हे ‘दम लागणे’ या प्रयोगाच्या सान्निध्यामुळे श्वासाशी निगडित झाले आहे; जिना चढल्यावर, ओझे उचलल्यावर माणूस दमतो. ‘भागणे’ संस्कृत ‘भग्न’ वरून आले. पण ‘थकली-भागली’ या जोडीत तेही दिवसभराच्या कामाचे शेवटचे टोक दाखविते. ‘शीण’ तर बहुधा षष्ठीवाचून येतच नाही : प्रवासाचा शीण, कामाचा शीण, जागरणाचा शीण. संतवाङ्मयातही ‘शीण’ आणि ‘विसावा’ ही जोडी वारंवार भेटते; म्हणजे ज्याचा विसाव्याने परिहार होतो तो शीण.

या चारही शब्दांचे समान गृहीत असे की आधी श्रम झाले आहेत व मग हा परिणाम झाला आहे. कर्करोगातील थकव्याची व्याख्या याच्या नेमकी उलट आहे. तेथे श्रम नसताना थकवा आहे, आणि विसाव्याने तो जात नाही. अशा स्थितीत ‘दमलात का’ या प्रश्नास ‘काम कुठं केलं दमायला?’ असे उत्तर आल्यास ते भाषेच्या दृष्टीने सर्वस्वी बिनचूक म्हटले पाहिजे. नोंदवहीत मात्र त्याची नोंद ‘मुळीच नाही’ अशी होईल.

‘थकवा’ या नामाची स्थिती किंचित निराळी आहे, हे न्यायाने मान्य करावयास हवे. वृत्तपत्रे, औषधांच्या जाहिराती व दवाखान्यांतील संभाषण यांमुळे ‘थकवा’ श्रमाच्या बंधनातून बराचसा मोकळा झाला आहे. ‘औषधाने थकवा येतो’ हे वाक्य आज कोणास खटकत नाही. परंतु ही मोकळीक शिक्षितांच्या मराठीत आधी आली. जिच्या बोलण्यात क्रियापदेच अधिक आहेत, तिच्याकडून हा शब्द त्याच अर्थाने घेतला जाईल असे धरून चालता येत नाही. शिवाय वाचता न येणाऱ्या रुग्णास प्रश्न वाचून दाखवावे लागतात. वाचणारा ‘थकवा जाणवला का’ हे छापील वाक्य सोडून सहज ‘मावशी, दमल्यासारखं होतं का?’ असे विचारतो, आणि नामाने मिळविलेली मोकळीक क्रियापदाने पुन्हा हिरावली जाते.

४

विश्रांतीविषयीच्या प्रश्नात निराळाच पेच आहे. ‘विश्रांतीची गरज भासली का’ आणि ‘विश्रांती घ्यावी लागली का’ ही दोन्ही वाक्ये मराठीत सहज एकमेकांच्या जागी वापरली जातात. पहिल्यात इच्छा आहे, दुसऱ्यात घटना आहे. जिला गरज होती पण सवड नव्हती, ती पहिल्यास ‘खूप’ म्हणेल व दुसऱ्यास ‘मुळीच नाही’. चूल, पाणी, जनावरे व लेकरे यांतून जिची सुटका नाही, अशा स्त्रीच्या बाबतीत हा भेद सूक्ष्म राहत नाही. तिच्या अवस्थेचे सारे मर्मच त्यात असते. लोकपरंपरेत स्त्रीच्या विसाव्याचे स्थान सासरी कल्पिलेले नाही, ते माहेरी आहे. जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह हेमा राईरकर व गी पॉइटविन यांच्या प्रयत्नांतून सिद्ध झाला आणि ज्यात १,००,००० हून अधिक ओव्या आहेत, त्यातही माहेर हा एक प्रधान विषय आहे. ज्या भाषेत विसावा स्थळाशी व नात्याशी बांधलेला आहे, तेथे विश्रांती ही शरीराची सुटी गरज म्हणून विचारणे हेच थोडे परके आहे.

‘अशक्तपणा’ या शब्दाचे तिसरेच. तो सर्वपरिचित आहे. पण त्याच्याबरोबर निदानही आपोआप येते. अशक्तपणा म्हणजे रक्त कमी, अंगात ताकद नाही; त्यावर सलाईनची बाटली, टॉनिक, गोळ्या. हा समज निराधार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्ताल्पता आढळली. रक्ताल्पता हे कर्करोगातील थकव्याचेही एक उपचार्य कारण आहे. परंतु यामुळेच ‘अशक्तपणा’चे उत्तर दुहेरी होते. उपचारापूर्वी वर्षानुवर्षे जी अशक्त होती, ती आपल्या नित्याच्या स्थितीस ‘थोडे’ म्हणेल, की तिच्या तुलनेने आजची स्थिती सांगेल? प्रश्नात याचा निर्णय नाही.

उत्तरांच्या पायऱ्यांतही गोंधळ आहे. ‘बरेच’ आणि ‘खूप’ यांतील अंतर मराठीत निश्चित नाही. ‘बरेच दुखते’ व ‘खूप दुखते’ यांत कोण अधिक हे वक्त्याच्या स्वरावर ठरते. ‘गेल्या आठवड्यात’ हा प्रयोग तर उघडच द्व्यर्थी आहे. त्याने मागील सात दिवसही सूचित होतात व चालू आठवड्याच्या आधीचा आठवडाही. ग्रामीण भागात आठवडा बाजाराच्या दिवसाने मोजण्याची रीत आहे, ती याहून नेमकी म्हणावी लागेल. ज्या उपचारात तीन आठवड्यांच्या फेऱ्यात थकवा चढतो व उतरतो, तेथे सात दिवसांची ही सरमिसळ क्षुल्लक नव्हे. ‘गेल्या सात दिवसांत’ एवढा साधा बदल पुरेसा आहे.

५

मराठीजवळ या अवस्थेसाठी साधन नाही, असा वरील विवेचनाचा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. साधन आहे, ते नामांत शोधल्यामुळे सापडत नाही, इतकेच.

मराठी व्याकरणात शक्य क्रियापद म्हणून एक प्रकार सांगितला जातो. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथापासून शालेय पुस्तकांपर्यंत तो परिचित आहे : मला चालवते, त्याच्याने बसवते. या रूपाचा उपयोग नकारात विशेष होतो : उठवत नाही, जेववत नाही, बोलवत नाही. मराठवाड्याच्या बोलीत ‘उठवंना’, ‘करवंना’, ‘बसवंना’. या रचनेचे वैशिष्ट्य असे की कर्ता प्रथमेत राहत नाही. तो ‘मला’ अथवा ‘माझ्याने’ असा बाजूला सरतो. ‘मी उठत नाही’ या वाक्यात इच्छेचा अभाव असू शकतो. ‘मला उठवत नाही’ यात इच्छा आहे व शरीर साथ देत नाही. इच्छा आणि शक्ती यांतील ही फारकत हाच त्या व्याख्येचा गाभा होता. जे सांगावयास वैद्यकास एक लांब वाक्य लागले, ते मराठी एका प्रत्ययाने सांगते.

दुसरे साधन ‘गळणे’ या धातूभोवतीच्या शब्दकुलात आहे : गळून जाणे, गळाठणे, हातपाय गळणे, अवसान गळणे. पान गळते, पाणी गळते. त्यात कोणी श्रम केलेले नसतात. या कुलात श्रमाचे गृहीत नाही, ही त्याची पहिली योग्यता. दुसरी अशी की ‘हातपाय गळणे’ हे भीतीनेही होते व ‘अवसान गळणे’ हे धीर सुटण्याने. म्हणजे शरीर आणि मन यांची येथे आधीच सांगड आहे. युरोपीय संघटनेने २०१७ साली थकव्यासाठी १२ प्रश्नांची जी स्वतंत्र पुरवणी सिद्ध केली, तीत शारीरिक, भावनिक व बौद्धिक असे तीन पदर वेगळे केले आहेत. पहिल्या दोन पदरांसाठी ‘गळणे’चे कुल आहेच. तिसऱ्यासाठी ‘काही सुधरत नाही’ हा बोलीतील प्रयोग विचारात घेण्याजोगा आहे; डोके चालत नाही, कशाचा मेळ लागत नाही, असा त्याचा भाव आहे.

या साधनांची उपेक्षा का होते, तेही सांगितले पाहिजे. प्रश्नावलीला गुणांकन हवे असते; आणि नामाचे प्रमाण विचारणे सोपे, क्रियापदाचे कठीण असे समजले जाते. हा समज खोटा आहे. ‘सकाळी अंथरुणातून उठवत नाही असे गेल्या सात दिवसांत किती दिवस झाले’ या प्रश्नाचे उत्तर ० ते ७ यांतील एक अंक आहे, आणि तो ‘बरेच’ व ‘खूप’ यांहून अधिक विश्वसनीय आहे.

६

शब्दांच्या या तपासणीत एक शब्द असा उरतो की जो कोणत्याही प्रश्नावलीत नाही, पण सर्व उत्तरांवर ज्याची छाया पडते. तो शब्द ‘आळस’. न कष्टता जो बसून आहे तो आळशी, हा व्यवहाराचा निवाडा होय. घनसावंगी तालुक्यातीलच जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान. समर्थांनी दासबोधात यत्नाची महती गाइली व आळसाचा वारंवार निषेध केला; आणि तो उपदेश या भूमीत केवळ ग्रंथात राहिला नाही, तो बोलण्यात मुरला. अशा समाजात, बाहेरून धडधाकट दिसणारी स्त्री श्रमांवाचून थकल्याचे सांगू लागली, तर तिच्या वाट्यास सहानुभूतीऐवजी संशय येण्याचा संभव अधिक. तो संशय तिच्या स्वतःच्या मनातही असू शकतो. मग ती विचारणाऱ्यास ‘काही नाही, बरं आहे’ असे सांगते. आणि हे उत्तर भाषांतराच्या कोणत्याही पडताळणीत सापडत नाही, कारण त्यात भाषांतराचा दोषच नसतो.

परंतु त्याच दासबोधाचे दुसरेही अंग विसरता कामा नये. तिसऱ्या दशकातील आध्यात्मिक तापाच्या समासात देहाच्या व्याधींची जी दीर्घ यादी आहे, ती शास्त्रग्रंथांच्या संज्ञांवर थांबत नाही. लोकांच्या तोंडच्या नावांची ती मांदियाळी आहे. देहाने भोगलेले दुःख ज्या नावाने भोगणारा ओळखतो, त्याच नावाने ते नोंदवावे, ही दृष्टी तेथे आहे. आजच्या प्रश्नावलीस याहून वेगळा धडा घ्यावयाचा नाही.

७

हा सारा शब्दच्छल आहे, प्रत्यक्षात त्याने काय बिघडते, असा आक्षेप संभवतो. त्याचे उत्तर गणिताने देता येते. कल्पनेसाठी एक उदाहरण घ्यावे. एक स्त्री केमोच्या दुसऱ्या मात्रेनंतर पुरती गळून गेली आहे. ‘विश्रांती घ्यावी लागली का’ यास तिने ‘मुळीच नाही’ म्हटले, कारण तिला ती मिळालीच नाही. ‘दमलात का’ यासही ‘मुळीच नाही’, कारण काम केले नव्हते. ‘अशक्तपणा’ मात्र ‘खूप’. गुण १, १ व ४, सरासरी २, शंभराच्या मापावर ३३. हीच स्त्री तिन्ही प्रश्न अभिप्रेत अर्थाने समजती, तर गुण ४, ४, ४ होऊन माप १०० आले असते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या थकव्याच्या मापावर ३९ ही मर्यादा सुचविली आहे. त्याहून अधिक गुण असल्यास थकवा वैद्यकीय दखल घेण्याजोगा समजावा. ३३ हा अंक त्या मर्यादेखाली पडतो. म्हणजे शब्दांच्या गैरसमजाने एका स्त्रीची पीडा नोंदवहीतून नाहीशी झाली.

आणि ही पीडा निरुपाय नसते, म्हणून ही हानी अधिक. रक्ताल्पता, थायरॉइडचा बिघाड, वेदना, निद्रानाश व खिन्नता ही तिची कारणे शोधून त्यांवर इलाज करता येतो. २०१७ साली मस्टियन व सहकाऱ्यांनी ११३ अभ्यासांतील ११,५२५ रुग्णांची एकत्रित तपासणी केली, तेव्हा औषधांपेक्षा व्यायाम व मानसोपचार हेच अधिक गुणकारी ठरले. येथेही शब्द आडवा येतोच. ‘व्यायाम करा’ हा सल्ला कापूस वेचणाऱ्या स्त्रीच्या कानी पडला, तर तिला तो एक तर थट्टा वाटेल अथवा पुन्हा कामास लागण्याची आज्ञा. नियमित, मोजके, हळूहळू वाढविलेले चालणे आणि राबणे यांतील भेद तिच्या भाषेत फोडून सांगितल्याशिवाय तो सल्ला सल्ला होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रश्न बदलले तर जगातील इतर आकड्यांशी तुलना कशी व्हावी? ही अडचण खरी आहे. म्हणून मूळ तीन प्रश्न काढून टाकावे असे येथे सुचवावयाचे नाही. ते राहावे, पण त्यांच्या जोडीस बोलीतील दोन-तीन प्रश्न असावे, वाचून दाखविणाऱ्यास कोणते पर्यायी शब्द चालतील व कोणते चालणार नाहीत याची लेखी सूचना असावी, आणि विश्रांतीची गरज व विश्रांतीची सवड हे दोन प्रश्न वेगळे करावे. स्त्रीच्या स्वतःच्या कामाचे माप हेही एक चांगले साधन आहे. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. पूर्वी दिवसाला किती किलो कापूस वेचला जाई व आता किती वेचवतो, हे ती क्षणाचाही विलंब न लावता सांगेल. असा आकडा ‘थोडे’ आणि ‘बरेच’ यांच्या सीमेवर घोटाळत नाही.

बोलीभाषांचा अभ्यास म्हणजे म्हणी व रूपे यांचा संग्रह, अशी समजूत विद्यापीठीय वर्तुळात अजून पुष्कळ ठिकाणी आहे. रुग्णालयाच्या प्रश्नावलीने त्या अभ्यासापुढे एक निराळे काम ठेवले आहे. मराठवाड्याच्या बोलीत थकव्याचे शब्द कोणते, त्यांचे परस्परांतील अंतर किती, कोणता शब्द श्रम गृहीत धरतो व कोणता धरीत नाही, हे तालुकावार नोंदविणे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे. ‘उठवंना’ या एका रूपाची योग्य नोंद झाली, तर कुंभार पिंपळगावाहून उपचारासाठी आलेल्या स्त्रीला आपले दुःख परक्या शब्दात बसवून दाखवावे लागणार नाही. आणि तिचे उत्तर ऐकणाऱ्यास तिच्या देहाची खरी स्थिती कळेल.